फंडरला ‘नाही’ म्हणता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोर तालुक्यात, धरणाच्या मागच्या अंगाला असलेल्या वाड्यांवर तुमची संस्था दहा-बारा वर्षं झरे आणि विहिरींचं काम करते आहे. आता एका परदेशी फाउंडेशनने तीन वर्षांचा पैसा देऊ केलाय, पण तो पाण्यासाठी नाही, बायकांना मोबाइलवरून पैशाचे व्यवहार शिकवण्यासाठी. किती बायका, किती दिवसांत, कुठल्या ॲपवर नोंदी, सगळं तिकडून ठरून आलंय. संस्थेच्या कार्यालयीन खर्चाला सात टक्के. अंतिम बोलणीचा कॉल एप्रिलमध्ये आहे आणि तुम्ही विचारताय, ‘नाही म्हटलं तर दार कायमचं बंद होईल का? आणि हो म्हटलं तर आमचं काम आमचं राहील का?’

आधी उत्तर देते. आहे त्या मसुद्यावर सही करू नका, पण नकारही कळवू नका. बोलणी करा. ती कशावर करायची आणि त्यासाठी आधी घरात काय तयारी लागते, ते सविस्तर सांगते.

तीस वर्षं पुण्यात बसून आणि त्यातली निम्मी एसटीत काढून हे काम केलं. या सगळ्या काळात मला एकाच गोष्टीची धास्ती वाटत आली, मिंधं होण्याची. नुसते पैसे घेतले म्हणून कुणी मिंधा होत नाही. वाडीतला दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलतो, तरी तो त्याचा मिंधा नसतो, कारण बाजारात दुसरा व्यापारी असतो आणि उधारी कधी फेडायची हे दोघांनाही ठाऊक असतं. मिंधेपण येतं ते दुसरा रस्ता नसला आणि पुढचा हप्ता समोरच्याच्या मर्जीवर असला की. म्हणून कुठलाही करार हातात आला की मी रक्कम शेवटी बघते. आधी तारखा बघते.

आपल्या देशाने हे भोगलेलं आहे. पीएल-४८० हा अमेरिकेचा १९५४ चा कायदा. त्याखाली १९५६ पासून आपल्याकडे गहू येऊ लागला, आणि सुरुवातीला करार लांब मुदतीचे होते. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी ती पद्धत मोडली आणि थोड्या थोड्या मुदतीसाठी, मोजून गहू सोडायला सुरुवात केली. आपलं शेतीचं धोरण काय, व्हिएतनामबद्दल आपण काय बोलतो, यावर नजर ठेवून. त्याच दबावाच्या काळात, जून १९६६ मध्ये, डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. गहू तोच होता, बंदरंही तीच. फक्त मुदत आखडली, आणि तेवढ्याने एका सार्वभौम देशाला महिन्या-महिन्याचा हिशोब बघत जगावं लागलं. पुण्यातल्या मोकळ्या प्लॉटवर माजलेलं गाजर गवत बघून जुनी माणसं अजून त्या अमेरिकन गव्हाची आठवण काढतात. पुढे २००३ मध्ये भारताने बऱ्याच लहान देणगीदार देशांची थेट मदत घेणं थांबवायचं ठरवलं, २००४ च्या त्सुनामीनंतर परदेशी सरकारांची मदत सुरुवातीला नाकारली. हे जमलं कारण तोवर आपल्या गोदामांत धान्य होतं आणि तिजोरीत परकी चलन होतं. ‘नाही’ म्हणायच्या आधी कणगी भरलेली लागते. देशाला लागते तशी संस्थेलाही.

आता अलीकडचं, आपल्याच शहरातलं उदाहरण. तृतीयपंथी व्यक्तींसाठीची मित्र क्लिनिक हैदराबाद, कल्याण आणि पुणे अशा तीन शहरांत चालत होती, अमेरिकी सरकारची परदेशी मदत वाटणारी यंत्रणा यूएसएड हिच्या पैशावर. हार्मोन उपचार, एचआयव्हीची तपासणी आणि औषधं, समुपदेशन, आणि मुख्य म्हणजे दारातून आत येताना कुणी टवकारून बघत नाही अशी जागा. २० जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश निघाला आणि तिन्ही क्लिनिक बंद पडली. त्यांचा लाभ घेणारे लोक पाच हजारांच्या घरात होते. काम वाईट चाललं होतं असं कुणी म्हटलं नव्हतं. पुण्यात कुणाला विचारायचा तर प्रश्नच आला नाही. मार्चपर्यंत यूएसएडचे ८० टक्क्यांहून जास्त कार्यक्रम रद्द झाले आणि १ जुलैला ती यंत्रणाच गुंडाळली गेली. ज्या बाईचे हार्मोन अर्ध्यावर थांबले तिच्या आयुष्यावर कुणाची सत्ता होती, याचं उत्तर कुठल्याही प्रकल्प अहवालात लिहिलेलं नव्हतं. करारातल्या ‘टर्मिनेशन’च्या कलमात ते आधीपासून होतं, आणि ते कलम आपण सगळेच वाचल्यासारखं करून पुढे जातो.

तर तुमच्या मसुद्यातलं ते पान उघडा. देणाऱ्याला करार थांबवायचा असेल तर किती दिवस आधी कळवायचं? ३० लिहिलं असेल तर ९० मागा. त्या ९० दिवसांचे कार्यकर्त्यांचे पगार आणि सुरू केलेली कामं बंद करण्याचा खर्च त्यांनी द्यायचा, हे स्पष्ट लिहून घ्या. यावर मी कधी फारसा वाद झालेला पाहिला नाही. मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं. आपण मागत नाही, कारण धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पण ही धर्माची गाय नाही. त्यांना गावापर्यंत पोचायचंय आणि गावाचा विश्वास तुमच्यापाशी आहे. तो त्यांना दुसरीकडून विकत घेता येत नाही.

मग हप्त्यांच्या तारखा. आमच्या संस्थेवर एकदा जी वेळ आली ती सांगते. पाणलोटाच्या कामाचा दुसरा हप्ता मार्चमध्ये यायचा होता, तो जुलैत आला. तिकडे त्यांच्या मंडळाची बैठक पुढे गेली, एवढंच कारण. आपल्याकडे बांधबंदिस्ती आणि चर खोदाई व्हायची ती उन्हाळ्यात. जुलैत डोंगरात भातलावणी. मजूर मिळत नाही, माती चिखल झालेली, ओढे फुगलेले. पैसे बँकेत पडून राहिले आणि पुढच्या अहवालावर शेरा आला की संस्थेची खर्च करण्याची क्षमता कमी आहे. त्या चार महिन्यांत कार्यकर्त्यांचे पगार विश्वस्तांनी खिशातून भागवले, तरी दोघं जण सोडून गेले. त्यांपैकी एक कातकरी वस्तीवरचा पहिला पदवीधर मुलगा होता. तो गेला तेव्हा त्या वस्तीत आमचं काम बसलं, ते पुन्हा उभं राहिलं नाही. उशीर त्यांचा, शेरा आमच्यावर आणि नुकसान वस्तीचं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे त्या वर्षी मला नीट कळलं. तेव्हापासून करारात मी एक ओळ घालतेच: हप्ता उशिरा आला तर तेवढीच प्रकल्पाची मुदत वाढेल, आणि हंगामी काम पुढच्या हंगामात करता येईल.

सात टक्क्यांकडे येते. हा आकडा कुठून आला, असं सरळ विचारा. अनेकदा ‘तुमच्या देशाचा कायदाच तसा आहे’ असं उत्तर मिळतं. ते खरं नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० वर आणली. सातवर नाही. शिवाय सगळेच पगार प्रशासकीय धरले जात नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार हा कामाचाच खर्च असतो, असं नियमांत आहे. तुमच्या सीएसोबत एक दुपार बसा आणि प्रत्येक माणूस कुठल्या रकान्यात येतो ते पक्कं करा. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशातही अशीच गल्लत होते. कंपनी कायदा २०१३ खाली तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे, आणि त्यात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. पण ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेचा खर्च त्यात मोडत नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. चाकण-हिंजवडीच्या किती बैठकांत मी हे परिपत्रक छापून नेलंय त्याचा हिशोब नाही. कागद पुढे ठेवला की आवाज चढवावा लागत नाही.

खरा खर्च काढाल तेव्हा तो सातच्या दुपटीहून वर जाईल. ऑफिसचं भाडं, अकाउंटंट, ऑडिट, परदेशी पैशाचं एफसी-४ हे वार्षिक विवरण, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद, पीएफ, मोटारसायकलींचं पेट्रोल. मग उरलेले पैसे आजवर आले कुठून? ते आले गावातल्या कार्यकर्तीकडून. तिला पगाराऐवजी ‘मानधन’ दिलं, पीएफ भरला नाही, तिचा मोबाइल रिचार्ज तिचाच. वरचा दाता जे देत नाही, ते खालची बाई देते. आंतरराष्ट्रीय मदतीतल्या असमानतेवर मोठमोठ्या परिषदा होतात. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात घेणाऱ्याची मालकी हे पहिलं तत्त्व लिहिलं गेलं. २०१६ मध्ये इस्तंबूलला मोठ्या दात्यांनी ठरवलं की आपत्तीच्या मदतीतला २५ टक्के पैसा २०२० पर्यंत शक्य तितका थेट स्थानिक संस्थांकडे जाईल. ती मुदत उलटली तेव्हा थेट पोचलेला हिस्सा एक आकडीच होता. पण तुमच्या-माझ्या हातात असलेली असमानता या मानधनाच्या ओळीत आहे. ती आधी दुरुस्त करा. बजेटमध्ये पूर्ण पगार लिहा आणि त्यावर अडून राहा.

परदेशी पैशात देणारा आणि घेणारा एवढे दोघंच नसतात, सरकार तिसरं असतं, हेही लक्षात ठेवा. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी पुण्यातली एखादी मोठी संस्था पैसे घ्यायची आणि तालुक्यातल्या चार लहान संस्थांना वाटायची. त्यात मोठ्या संस्थेची दादागिरी असे, तरी लहान संस्थेला दोन-तीन दारं होती. ती दारं २०२० नंतर बंद झाली. तुमच्याकडे स्वतःची नोंदणी आहे, म्हणजे फाउंडेशनला तुमच्या भागात फार पर्याय नाहीत. हे तुमचं बळ आहे. बोलणीत ते मनात धरून बसा.

आता मुख्य दुखणं. काम काय करायचं हे कुणी ठरवायचं?

मी या क्षेत्रात आले ती किल्लारीच्या भूकंपामुळे. १९९३ ची अनंत चतुर्दशी, पुण्यात विसर्जन मिरवणूक रात्रभर चाललेली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर-धाराशिव हादरलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. चार दिवसांनी आम्ही काही मुली पुण्याहून ट्रकमध्ये बसून निघालो. पुढची दोन वर्षं तिथलं जे बघितलं ते डोळ्यांसमोरून जात नाही. पैसा उदंड आला, जागतिक बँकेचं कर्ज आलं, ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली, आणि त्यांतली कितीतरी गावं दात्यांनी ‘दत्तक’ घेतली. दत्तक म्हटलं की आई-बाप कोण ते ठरूनच जातं. सरळ रेषांत आखलेले रस्ते, एकसारखी काँक्रीटची घरं. गल्लीतलं भावकीचं बसणं-उठणं मोडलं, अनेक ठिकाणी जनावरं कुठे बांधायची, कडबा-धान्य कुठे ठेवायचं, याचा विचार नव्हता. बायका मला म्हणायच्या, ‘घर चांगलंय बाई, पण यात राहायचं कसं?’ आराखडे करणारी माणसं दुष्ट नव्हती. तीही रात्र रात्र जागत होती. त्यांना जाब विचारायची सोय मात्र कुणाकडे नव्हती, कारण फुकट मिळालेल्या घराबद्दल तक्रार केली तर कृतघ्न ठरण्याची भीती. त्याच भूकंपानंतर, जी गावं हलवली नव्हती तिथे घरदुरुस्तीचा कार्यक्रम झाला. पैसा टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या हाती गेला, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या, मालकाला तंत्र समजावू लागल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. आपत्ती तीच, कर्ज तेच. फरक सही कुणाची चालते याचा होता.

म्हणून दात्याने अटी घातल्या म्हणजे अन्याय झाला असं मी मानत नाही. जर्मनीच्या पैशावर नाबार्डमार्फत चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाच्या अटी कडक होत्या. गावाने श्रमदान करायचं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आधी लहान क्षेत्रावर काम करून दाखवायचं. पण गावाची पाणलोट समिती होती आणि तिला बँकेच्या खात्यावर सही होती. नगर जिल्ह्यातली काही गावं त्यातून खरोखर उभी राहिली. त्याच चराईबंदीने मात्र शेळ्या-मेंढ्यांवर पोट असलेल्या भूमिहीनांची आणि धनगरांची अडचण केली. ‘गावाने ठरवलं’ असं लिहिलं होतं, पण ठरवलं जमीनवाल्यांनी. दात्याशी भांडताना ‘आमच्या लोकांना काय हवं ते आम्हाला माहीत आहे’ हे वाक्य मी फार जपून वापरते ते यामुळे. देश म्हणूनही तेच. आज भारत आफ्रिकेतल्या देशांना सवलतीचं कर्ज देतो, तेव्हा साधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घेण्याची अट असते. खुर्ची बदलली की आपणही तसेच वागतो.

हे आपल्या संस्थांनाही लागू आहे. तुम्ही फाउंडेशनपुढे घेणारे असता आणि वाडीत गेलात की देणारे. आठवून बघा, मागच्या वेळी पाहुणे आले तेव्हा बायका सकाळी नऊपासून ताट-निरांजन घेऊन बसल्या होत्या का? पाहुणे पुण्याहून निघाले उशिरा, कात्रजला अडकले, दुपारी दोनला पोचले. चाळीस बायकांची एक दिवसाची मजुरी बुडाली, आणि ती कुठल्याही बजेटमध्ये नव्हती. हे आमच्याकडून झालेलं आहे, एकदा नाही. पुढे आम्ही नियम केला की पाहुणे बायकांच्या वेळेला येतील, शेतावर असतील तर शेतावर. आणि कुणाची कहाणी, फोटो, बचतगटाचे आकडे बाहेर पाठवायचे असतील तर ते काय लिहिलंय ते तिला मराठीत वाचून दाखवायचं. तुमच्या मसुद्यातल्या ॲपबद्दल हेच विचारा. बायकांच्या पैशाच्या नोंदी कुणाच्या सर्व्हरवर, कोण बघणार, प्रकल्प संपल्यावर त्यांचं काय? कर्जाच्या ॲपवाल्यांच्या हाती त्या पडल्या तर वाडीवर तुम्हाला तोंड दाखवता येणार नाही.

कणगीचं राहिलं. एकाच फंडरवर निम्म्याहून जास्त खर्च चालत असेल तर ‘नाही’ तोंडातून निघतच नाही. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ नावाच्या संस्थेच्या कचरावेचक बायकांकडे बघा. घरोघरीचा कचरा उचलतात आणि घराकडून महिन्याची फी घेतात. महापालिकेशी करार आहे, त्यात ओढाताणही होते, पण कमाईचा मोठा भाग हजारो घरांकडून थोडा थोडा येतो, त्यामुळे एका माणसाने दार लावलं म्हणून चूल विझत नाही. तुम्हाला तितकं लगेच जमणार नाही. पण भोरहून पुण्यात आलेली नोकरदार मंडळी आहेत, आपल्या गावच्या पाण्यासाठी महिना दोनशे रुपये देतील. ती देणगी म्हणून मागू नका, वर्गणी म्हणून मागा. वर्गणी देणारा हिशोब विचारतो, मंडळाचा सभासद होतो, पण आरती कुठली म्हणायची हे एकटा ठरवत नाही. तीन महिन्यांचे पगार निघतील एवढं या देशी पैशातून बाजूला पडलं, की तुमची बोलण्याची पट्टी बदललेली तुम्हालाच जाणवेल.

आता कॉलमध्ये काय बोलायचं. पाणी की मोबाइल, असा सामना लावू नका. त्यांना सांगा की एप्रिल-मेमध्ये या वाड्यांवरच्या बाईचे दिवसाचे तीन-चार तास हंड्यात जातात, प्रशिक्षणाला ती येणार कधी? पहिले सहा महिने झऱ्याची दुरुस्ती आणि गावाशी बोलणं, त्यानंतर उद्दिष्टं आणि आकडे दोघांनी मिळून पक्के करायचे, असा प्रस्ताव ठेवा. बजेटच्या एका ओळीतून दुसरीत दहा टक्के हलवण्याची मुभा मागा. सहामाही अहवाल मराठीत लिहू, भाषांतराचा खर्च त्यांचा, हेही मागा. गावातली कार्यकर्ती स्वतः लिहील तेव्हाच खरं काय ते तिकडे पोचेल. यातलं निम्मं जरी त्यांनी मानलं तरी पुढे जा. निर्धार म्हणून एकच गोष्ट ठेवा: आकडे आणि विषय बदलायला ते अजिबात तयार नसतील, तर सभ्य पत्र लिहून थांबा. मी आयुष्यात तीनदा असं पत्र लिहिलं. एका फंडरने पुन्हा तोंड पाहिलं नाही. दोघं दीड-दोन वर्षांनी परत आले, आणि आले ते आमचं काय म्हणणं आहे हे विचारत आले.

कॉल मात्र एप्रिलमध्ये घेऊ नका. १ मेला ग्रामसभा आहेत. त्याआधी मसुद्याचं दोन पानी मराठी करा, रक्कम आणि तुमच्या संस्थेचा वाटा यांसकट, आणि वाड्यांवर वाचा. दुपारी, बायका पाण्यावरून परतल्यावर. ग्रामसभेत काय निघतं ते कागदावर घ्या, सरपंचांची सही घ्या, आणि फाउंडेशनला कळवा की मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोलू, आमच्याकडे अजून एक पक्ष आहे, त्याचं उत्तर यायचंय.